हात जाईल अशी जागा

"हात जात नाही" ही आमच्या धंद्यातली रोजची तक्रार. बोल्ट डोळ्यांना दिसतो, पण पाना फिरवायला जागा नसते. डिझेल फिल्टर बदलायचा तर आधी बॅटरी उचला. सेल्फची वायर तपासायची तर जमिनीवर पाठ टेका आणि डोळ्यांत माती पाडून घ्या. माझी उमेदीची वर्षं गाड्यांचं वायरिंग करण्यात गेली. त्यामुळे बॉनेट उघडलं की इंजिन किती चकाकतंय हे मी आधी बघत नाही. हात कुठे जातो आणि कुठे अडतो, हे बघतो.

गेल्या उन्हाळ्यात आलेली एक गाडी त्या दृष्टीनं सांगण्यासारखी आहे. महिंद्राची उंच बॉनेटची जुनी जीप, मागचं अंग कापून तिथे लोखंडी हौदा बसवलेला. पुरंदरच्या एका शेतकरी घरातली. त्या घरच्या आजोबांनी वर्षानुवर्षं अंजीर आणि सीताफळं हिच्यात भरून दिवे घाट उतरवला आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल टाकला. नातू आता हिंजवडीत नोकरीला आहे. आजोबांची गाडी भंगारात घालायची नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलेलं होतं. तिला अमेरिकन हॉट रॉड ट्रकचं रूप द्यायचं, हेही पक्कं होतं. मोबाइलवरचे फोटो दाखवत तो म्हणाला, "काका, बॉनेट उघडल्यावर एकही वायर दिसली नाही पाहिजे."

मी लगेच नाही म्हटलं नाही. फोटो मोठे करून नीट पाहिले.

हॉट रॉड हा नाद मुळात खिशात फार पैसे नसलेल्या पोरांचा. 1932 मध्ये फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत व्ही-8 इंजिन दिलं. पोरं जुनी हलकी फोर्ड घ्यायची, नको ते पत्रे काढून टाकायची, इंजिन ताकदवान करायची आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर गाडी पळवायची. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या तरुणांनी हा नाद वाढवला. 1950 मध्ये ओकलंडला या गाड्यांचं प्रदर्शन सुरू झालं आणि पळण्याच्या जोडीला दिसण्यालाही मोल आलं. इंजिनाच्या खोलीतले पत्र्याचे सांधे भरून सपाट करायचे, वायरी चासीच्या आतून न्यायच्या, ब्रेक ऑइलची बाटलीसुद्धा नजरेआड करायची. फोटोंत ते खरोखर सुंदर दिसतं, आणि ज्यांच्या हातून ते झालं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तशा कित्येक गाड्या ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जातात. ही जीप पावसात दिवे घाट चढणार होती.

आपल्याकडे गाडीत दुसरं इंजिन घालायची चाल पडली ती वेगापायी नाही, डिझेलपायी. या जीपमध्ये मुळात 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, विलीज कंपनीच्या हरिकेन घराण्यातलं. तिचं बॉनेट उंच आहे त्याचं कारणही हे इंजिनच. त्याआधीच्या विलीज इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. हरिकेनमध्ये हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिनाची उंची वाढली आणि 1953 मध्ये जीपला बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत तो नमुना बंद झाला, तरी महिंद्रानं तो इथे कित्येक दशकं चालू ठेवला. इंजिन दणकट होतं, पण पेट्रोल पीत होतं, आणि शेतमालाच्या भाड्यात ते बसत नव्हतं.

तोड आकुर्डीतून निघाली. बजाज टेम्पो ही 1958 ची कंपनी, 2005 पासून तिचं नाव फोर्स मोटर्स. ऐंशीच्या दशकात तिनं मॅटाडोरमध्ये मर्सिडीजचं ओ.एम. 616 हे 2.4 लिटरचं डिझेल इंजिन इथे बनवून बसवायला सुरुवात केली. तिकडे हेच इंजिन मर्सिडीजच्या 240 डी मोटारीत होतं. इथे त्यानं भाजीपाला वाहिला, शाळेची मुलं वाहिली, वऱ्हाडं वाहिली. मॅटाडोर मोडीत निघाली तरी तिचं इंजिन मोडीत जात नसे. नाना पेठेत ते उघडलं जायचं, बोअर मारून पुन्हा उभं राहायचं आणि एखाद्या अँबॅसडरमध्ये नाहीतर जीपमध्ये जायचं. जीपच्या उंच बॉनेटखाली ते मावतं. मावतं म्हणजे बसतं इतकंच. त्याच्या भोवती हातासाठी जागा उरते असं नाही.

काम घेण्याआधी मी आर.सी. बुक मागून पाहिलं. या जीपमध्येही तेच इंजिन होतं; डिझेलची नोंद आजोबांनी त्या काळीच आर.टी.ओ.तून करून घेतलेली होती, चासीचा आणि इंजिनाचा नंबर बुकाशी जुळला. हे बघणं मी कधी टाळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळायची सोय झाली, पण त्या गाड्या मूळ रूपात असाव्या लागतात आणि रोजच्या वापराला चालत नाहीत. म्हणून नातवाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "इंजिन, चासी, बॉडी आहे तशी राहील. आपण आतली मांडणी तेवढी बदलायची."

आत काय होतं ते सांगतो. या गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीनं आपला एक थर मागे ठेवलेला. हॉर्न बिघडला तेव्हा बॅटरीवरून सरळ ओढलेली लाल वायर. फॉग लॅम्प कधीच गेले होते, त्यांच्या वायरी मात्र टोकाला टेप गुंडाळून रेडिएटरमागे लटकत होत्या, आणि तो टेप उन्हाळ्यांनी वितळून काळा चिकटा झाला होता. एका ठिकाणी तर कुणीतरी घराच्या भिंतीत घालतात ती एकाच जाड तारेची वायर वापरलेली. घर थरथरत नाही, म्हणून तिथे ती टिकते. इंजिनाजवळ ती वळणावर आतल्या आत मोडते, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि फॉल्ट शोधणाऱ्याचा दिवस जातो. गाडीची वायर बारीक तारांच्या जुडग्याचीच हवी.

अशा ठिकाणी सरसकट कापाकापी सुरू करायची नसते. आधी प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते टेस्ट लॅम्प आणि मीटर लावून ओळखायचं, चिठ्ठी बांधायची, मग पुढे सरकायचं. रंगांवर विसंबता येत नाही. इंग्रजी लुकास पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची असते आणि काळी अर्थची. जर्मन पद्धतीत तपकिरी ही अर्थ, लाल थेट बॅटरीची आणि काळी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी. या गाडीत दोन्ही जातींचे तुकडे एकमेकांना जोडलेले होते. तपकिरी आहे म्हणून अर्थ समजून चासीला आवळली असती तर तिथेच धूर निघाला असता. चिठ्ठ्या बांधून झाल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त वायरी काहीच करत नव्हत्या. त्या काढल्या तेव्हाच खोली बरीच मोकळी झाली. आवराआवरीतला मोठा भाग हाच असतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

धुलाईबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण ती सर्व्हिस स्टेशनवर हमखास चुकते. गरम इंजिनाच्या डिझेल पंपावर गार पाण्याचा फवारा मारू नये. पंपाच्या आत प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. बाहेरून एकदम गार पडलं की आकसणं सगळीकडे सारखं होत नाही आणि पंप जाम होऊ शकतो. आम्ही थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशनं हातानं धुतलं. त्या निमित्तानं तेल कुठून पाझरतंय तेही कळलं.

या गाडीची मुख्य तक्रार होती सुस्त सेल्फ. बॅटरी नवी, सेल्फ उघडून बुश-कार्बन बदललेले, तरी सकाळी इंजिन कण्हत फिरायचं. जोडीला दुसरी तक्रार, जिचा पहिलीशी संबंध आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. इंजिन बंद करायला डॅशवरून ओढायची जी केबल असते, ती सारखी अडकायची आणि दर काही महिन्यांनी बदलावी लागायची. मी नातवाला म्हटलं, केबलच्या वेष्टणावर बोट ठेव, मी सेल्फ मारतो. दोन-तीनदा मारल्यावर त्यानं झटकन बोट काढलं. केबल तापली होती.

कारण असं. इंजिन चासीवर रबरी माउंटिंगवर बसतं, आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फ फिरताना काही शे अँपिअर करंट ओढतो आणि तो सगळा परत बॅटरीच्या निगेटिव्हला यावा लागतो. त्यासाठी इंजिनापासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची जाड अर्थ पट्टी असते. पट्टी या गाडीतही होती, अगदी धडधाकट. पण पूर्वी कधीतरी चासीला रंग मारताना पट्टीचं टोक उघडून पुन्हा त्या ताज्या रंगावरच आवळलेलं. वर गुळगुळीत काळा रंग, दिसायला बेस्ट, आणि खाली धातूला धातू लागतच नव्हता. मग करंटनं आपली वाट शोधली, त्या बिचाऱ्या बारीक केबलच्या लोखंडी वेष्टणातून. सेल्फ मारताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरला तर तो दोन व्होल्टच्या वर गेला. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आतच असायला हवं. रंग खरवडून पत्रा पांढरा केला, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. सेल्फ एका दमात फिरला. केबल तेव्हापासून बदललेली नाही.

देखणेपणानंच गाडी आजारी पडली होती, हे नातवानं स्वतःच्या बोटानं अनुभवलं. त्यानंतर "एकही वायर दिसली नाही पाहिजे" हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. मला त्याच्या हौसेचा मान राखायचा होता, म्हणून मीही माझी अट सांगितली: वायरी दिसतील, पण बघत राहावंसं वाटेल अशा दिसतील.

मुख्य जुडगा डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेनं नेला, काळ्या विणलेल्या स्लीव्हमधून, आणि वीतभर अंतरावर रबर लावलेल्या क्लिपा मारल्या. उजवी बाजू पूर्ण मोकळी ठेवली. या इंजिनाचा मॅनिफोल्ड उजवीकडे असतो आणि आपल्याकडे स्टिअरिंगही उजवीकडेच. तिथल्या उष्णतेत साध्या पीव्हीसीच्या वायरीला थारा नाही, डिझेलच्या रबरी पाइपाला तर मुळीच नाही. सेल्फची जाड वायर तेवढी तिकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिला फायबर ग्लासची स्लीव्ह चढवली आणि मॅनिफोल्डपासून लांब वळवून खालून नेली. इंजिन रबरावर डोलतं, चासी तशी डोलत नाही, म्हणून दोघांमधली प्रत्येक वायर थोडी सैल ठेवली. ताणून सरळ केलेली वायर फोटोत छान दिसते आणि काही महिन्यांत थिम्बलपाशी तुटते. केबिनच्या पत्र्यातून वायर जिथे आत शिरते तिथे ग्रोमेट बसवलं, आणि वायर आधी खाली उतरून मग वर चढत आत जाईल असं वळण दिलं. पावसाचं पाणी त्या तळाच्या वळणावरून ठिबकून जातं, आत येत नाही. पुण्यातल्या कोरड्या उन्हात याची किंमत कळत नाही. वरंधा घाटात जुलैमध्ये कळते.

फ्यूज बॉक्स बॅटरीच्या शेजारी, उभ्यानं झाकण उघडता येईल असा. याबद्दल आजोबांनीच विचारलं. ते मधूनच एस.टी.नं यायचे, स्टुलावर बसून काम बघायचे. "इतके फ्यूज कशाला? पूर्वी दोनच होते." मी म्हटलं, "आजोबा, पाटाला तोंडाशीच दार ठेवता ना? बांध फुटला तर तिथे बंद करता येतं. शेताच्या टोकाला दार ठेवून काय उपयोग?" ते हसले आणि नातवाला म्हणाले, "बरोबर सांगतोय." फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो वायरीला वाचवतो. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितकी उघड्यावरची वायर कमी, आणि त्याचे अँपिअर वायरीच्या जाडीवरून ठरवायचे. दिव्यावरून नाही.

चार हीटर प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर ओढतात. तो भार डॅशच्या स्विचवर टाकणं म्हणजे स्विच जाळणं, म्हणून त्यांना स्वतंत्र जाड वायर आणि जड रिले. हेडलाइटचे बल्ब साठ वॉटचे, एकेक पाच अँपिअरचा. तेही रिलेवर घेतले आणि उजेड डोळ्यांना कळेल इतका वाढला. रिलेच्या पायांवरचे नंबर, म्हणजे 30, 85, 86, 87, जर्मन पद्धतीचे आणि आता सगळ्या जगाचे झालेले. प्रत्येक वायरीच्या टोकाला तोच नंबर छापलेली छोटी नळी घातली.

बॅटरी तोडायचा एक मोठा स्विचही बसवला. अभियांत्रिकीची मुलं बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधतात तेव्हा त्यांना नियमानंच दोन किल स्विच ठेवावे लागतात, एक चालकाजवळ आणि एक बाहेरून हाताला येईल असा. मला तो नियम फार आवडतो. फक्त या जुन्या डिझेलच्या बाबतीत एक समजून घ्यावं लागतं. पंप यांत्रिक असल्यामुळे बॅटरी तोडली तरी इंजिन चालूच राहतं, उलट चालू इंजिनावर बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचे डायोड जायची भीती. म्हणून हा स्विच गाडी उभी असतानाचा. त्याच्या शेजारी तसं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं.

सामान जमवायला नेहमीच्या वाटा: स्पेअर पार्ट नाना पेठेतून, क्लिपा आणि ग्रोमेट रविवार पेठेत बोहरी आळीतून, फ्यूज बॉक्सचा ब्रॅकेट भोसरीत लेझरवर कापून तिथेच पावडर कोटिंग. कोटिंगवाल्याला अर्थच्या बोल्टांच्या जागा झाकून द्यायला सांगितलं होतं आणि त्यानं त्या नेमक्या झाकल्या. डिझेल इंजिनाच्या ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप लागतो, कारण पेट्रोलसारखं मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. त्याचा पाइप पूर्वी फॅनच्या पात्यांजवळून गेला होता, आता मागून नेला. जुन्या बाजारात एका रविवारी विलीजच्या बॉनेटची मूळ कडी मिळाली. तिची गरज नव्हती, पण नातवाचा चेहरा बघून घेतली.

हल्लीच्या गाड्यांत इंजिनावर प्लास्टिकचं मोठं झाकण असतं. आवाज दबतो हे खरं, पण लोकांची नजर त्यामुळे बिघडली. झाकलेलं म्हणजे आवरलेलं असं वाटायला लागलं. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते उस्ताद काम झाल्यावर स्वतः हात घालून बघायचे. डोळे मिटून डिझेल फिल्टर, डोळे मिटून ऑइलची काडी, बेल्टचा टेन्शन बोल्ट, हीटर प्लगचे नट. कुठे हात अडला तर तेवढं काम पुन्हा. या जीपवरही मी तसंच करून पाहिलं. डिझेल फिल्टरपाशी कोपर एका ब्रॅकेटला लागत होतं. तो ब्रॅकेट बोटभर मागे सरकवला, पुन्हा भोक पाडलं. रंगाचा एक टवका उडाला, तिथे ब्रशनं हात फिरवला.

शेवटी कागद. सगळ्या वायरिंगचं चित्र काढलं, रंग, जाडी, फ्यूज नंबर सगळं मराठीत, लॅमिनेट करून बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर लावलं आणि एक प्रत आर.सी. बुकात ठेवली. माझ्या मते हा कागद म्हणजे कामाचा अर्धा भाग आहे, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला का कू करतं तेव्हा मला वाईट वाटतं. पुढे ही गाडी ज्या कुणा वायरमनकडे जाईल त्याला मी भेटणार नाही. त्यानं अंदाजानं वायर कापू नये, एवढं मी आजच करून ठेवू शकतो.

पावसाळ्यात सासवडहून नातवाचा फोन आला. डावा हेडलाइट गेला होता, अंधार पडलेला, पाऊस चालू. मी काही सांगायच्या आत तो म्हणाला, "काका, चित्र बघतोय. चौथा फ्यूज ना?" फ्यूज गेलेला होता. कारण पुढे बल्बच्या होल्डरमध्ये निघालं, गेलेल्या कॅपमधून पाणी आत शिरलेलं. ते त्यानंच पुसलं, फ्यूज बॉक्सच्या झाकणातला जादा फ्यूज घातला आणि घाट उतरला. त्या कॅपचा रबर आता बदलायचाय. हौद्याचे मागचे दिवे अजून जुन्याच वायरीवर चालताहेत, चासीला टेपनं गुंडाळलेल्या. पाऊस उघडला की गाडी त्या कामाला परत येईल.